नळीचं टोपण

त्या कारखान्यात थोरल्याचा कान म्हणजे शेवटचा शब्द. इंजिन कुठलंही असो, चाचणीच्या खोलीतून बाहेर जाण्याआधी थोरला त्याच्याजवळ कान नेणार, डोळे मिटणार आणि मग म्हणणार, "न्या." एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. धाकट्या भावाला त्यानंच इथे चिकटवलं, पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं. पहिला धडा टोपणाचा. इंजिन बंद झालं की हवेच्या नळीचं तोंड उघडं ठेवायचं नाही, धूळ आत जाते. ते लाल रबरी टोपण विसरल्याबद्दल धाकट्यानं किती बोलणी खाल्ली होती, त्याला गणती नाही.

आणि आता तोच धाकटा त्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला निघाला होता.

रोटरी इंजिनाचं गणित तसं सोपं. त्यात पिस्टन नसतो. तिकोनी चकती फिरते आणि कडेच्या भोकातून हवा ओढते. ती हवा नळीत हेलकावे खात येते. भोक उघडायला आणि हेलकावा पोचायला एकच गाठ पडली, तर हवा आपण होऊन आत घुसते आणि इंजिनाला जोर चढतो. पण हा मेळ नळीच्या लांबीवर. इंजिन हळू फिरताना नळी लांब हवी, वेगात आखूड. थोरला आजवर मधली लांबी शोधून, बोट-बोटभर कापून नळी बसवत आला. कुठेतरी जोर मिळायचा, कुठेतरी मार खायचा. धाकट्यानं काय केलं, तर नळीत नळी सरकवली. वेग वाढला की तारेच्या ओढीनं ती आखूड व्हायची, उतरला की पुन्हा लांब. एवढंच! हे आपल्याला का सुचलं नाही, या विचारानं थोरल्याला गेला महिनाभर अन्न गोड लागत नव्हतं.

"आज दोघांच्याही नळ्या लावून बघू," मालक म्हणाले होते. "ज्याची उजवी ठरेल, चाचणीची खोली त्याच्या हाती."

सकाळी धाकटा नळी घेऊन आला. "दादा, तू एकदा ओढून बघ ना. त्याशिवाय मला चैन पडायची नाही."

ही थोरल्याची जुनी रीत. नळीचं एक टोक तळव्यानं दाबून धरायचं आणि दुसऱ्याला तोंड लावून हवा ओढायची. तळवा चिकटून बसला, की समजायचं गळती नाही. एरवी तो क्षणभरच ओढायचा. आज मात्र कुठेतरी फट सापडावी म्हणून जीव खाऊन ओढत राहिला. फट कसली सापडतेय! शेवटी चरफडत तो थांबला.

नळी थांबली नाही.

तिनं त्याचे ओठ आत खेचले. छातीतली सगळी हवा सरसर निघून गेली, बरगड्या आत ओढल्या गेल्या. मग ती सुटली. त्याच्या तोंडाभोवती लाल गोल वळ उमटला होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. बरी आहे." तो कसाबसा म्हणाला.

आधी थोरल्याची नळी लागली. मधल्या वेगाला झकास, बाकी बेताची. मग धाकट्याची. सगळे जाड काचेमागे उभे. इंजिन हळू फिरत होतं, नळी लांब होती, आणि थोरल्याचा श्वास लांब, संथ चालला होता. वेग वाढला. नळी आखूड झाली, तसा त्याचा श्वासही तोकडा झाला, भराभर येऊ लागला. जळफळाट, दुसरं काय, त्यानं स्वतःला सांगितलं. आणि खोटं कशाला बोला, तो जळत होताच. मालकांचा धाकट्याच्या खांद्यावरचा हात त्याला बघवत नव्हता.

"जेवून पुन्हा एकदा चालवू, मग ठरवू," मालक म्हणाले.

सगळे जेवायला गेले. नळीचं तोंड उघडंच होतं; धाकटा टोपण विसरला होता. थोरला एकटाच मागे राहिला. त्यानं नळीची तार आकड्यातून सोडवली आणि मोकळी लोंबत ठेवली. आता ती लांबच राहणार आणि वेगात इंजिन धापा टाकणार. सख्ख्या भावाचं काम बिघडवताना आपल्याला जराही वाईट वाटलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. वेग वाढला.

नळी सरकली.

तार तशीच लोंबत होती. दुसऱ्या कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. नळी तसूतसूनं आखूड होत होती आणि थोरल्याची छाती तिच्याबरोबर भराभर हलत होती. घाबरून त्यानं श्वास रोखला.

इंजिन अडखळलं. जोर दाखवणारा काटा खाली आला.

"दादा, हे काय होतंय रे?" धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला.

अच्छा, असं आहे तर! थोरल्याच्या मनात उकळ्या फुटल्या. त्यानं दात-ओठ आवळले. काटा पडत गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी त्यानं श्वास घेतला नाही.

मग त्याची छाती उघडली. त्यानं उघडली नव्हती.

काटा सरसर चढला, त्या खोलीत कधी गेला नव्हता तिथपर्यंत.

"वा! शाब्बास!" मालकांनी चाचणीच्या खोलीची किल्ली धाकट्याच्या तळहातावर ठेवली आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

आवाज विरला. थोरला काचेला टेकून उभा होता. त्यानं श्वास घेऊन बघितला. नाकातून काहीच आत येईना. तरी छाती मात्र वर-खाली होत होती.

काचेपलीकडे, थंड होत चाललेल्या इंजिनावर, नळी हलकेच लांब होत होती. आखूड होत होती. तिच्या उघड्या तोंडाशी अडकलेला एक दोरा आत जात होता, बाहेर येत होता.

धाकटा दार ढकलून आत गेला. पुसायचं फडकं उचललं आणि त्याखालचं लाल टोपण.

थोरल्यानं दोन्ही तळवे काचेवर आपटले. मालकांना वाटलं, टाळ्या वाजवतोय. तेही टाळ्या वाजवू लागले.

धाकट्यानं वळून पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. दादाला दिसावं म्हणून त्यानं टोपण उंच धरलं.

"बघ दादा," तो उघड्या दारातून हसत म्हणाला, "या खेपेला विसरलो नाही."

आणि त्यानं ते अंगठ्यानं चारी बाजूंनी नीट दाबून बसवलं.