धुक्यातला तिसरा पिंजरा

धरणावर धुकं इतकं दाट होतं की आपण पाण्यावर आहोत की ढगात, हेच रतिलालमामांना कळेना. एसटीच्या स्टिअरिंगमागे उभी हयात घालवलेल्या माणसाचा रस्ता दिसेनासा झाला की जीव घाबरा होतो. इथे तर रस्ताच नव्हता. त्यांनी होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. समोर त्यांची भाची मोहिनी मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखी निवांत होती. नंदुरबारात तिची खासगी तपासाची कचेरी होती आणि निवृत्तीनंतर मामा तिची गाडी चालवत. तपासातही आपली मोठी मदत होते असा त्यांचा समज होता, आणि मोहिनीनं तो कधी मोडला नव्हता.

वल्ही लखनच्या हातात होती. तो माशांच्या पिंजऱ्यांचा राखणदार. सीमेकडच्या डोंगरातला, दर रविवारी सकाळी न चुकता प्रार्थनेला जाणारा. होडीच्या टोकाशी मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष पारुबाई बसल्या होत्या. काल संध्याकाळी फोन त्यांनीच केला होता.

“काल रविवार. दुपार कलल्यावर दाणे टाकायला गेलो,” पारुबाई सांगू लागल्या. “दोन पिंजऱ्यांत बारकी पिल्लं शे, ती वर आली. तिसऱ्यात मोठे मासे. एकही वर येईना. जाळी उचलून पाहिली, तर आत नुसतं पाणी. जाळी फाटली नाही, झाकण जागेवर, गाठी तशाच. जसे काही मासे कधी नव्हतेच.”

“आणि आज दुपारी तपासणी,” मोहिनी म्हणाली.

“हां. देशात मासा वाढवायचं सरकारचं नवं धोरण शे ना, त्यातूनच हे पिंजरे मिळाले. साहेबाला मोठा मासा दाखवला तर पाणी आमच्या संस्थेकडे राहील. नाही दाखवला तर ठेक्याला निघेल.” पारुबाईंनी पाण्यावरून नजर फिरवली. “या पाण्याखाली आमचं गाव शे, बाई. घरं, शेतं, चिंचा, सगळं. गाव गेलं, वर हे पाणी तेवढं राहिलं. तेही गेलं तर आम्ही कुठले म्हणायचं?”

लखन मान खाली घालून वल्हवत होता. “सगळे माझ्याकडंच बघतात,” तो हळूच म्हणाला. “मी प्रार्थनेला गेलो, एवढाच माझा गुन्हा. सकाळी गेलो, दुपारी आलो. येशूची शपथ.”

धुक्यातून निळे ड्रम दिसू लागले. ड्रमांवर लोखंडी चौकटी, चौकटींत खाली सोडलेल्या जाळ्या. असे तीन चौकोनी तराफे एका ओळीत झुलत होते. तिन्ही अगदी सारखे. मामांना वाटलं, आपण एकच पिंजरा तीनदा पाहतो आहोत.

“मामा, जाळ्या वर ओढा बरं,” मोहिनी म्हणाली.

मामांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळी शिवलेली नव्हती. त्यांनी भाचीकडे केविलवाणं पाहिलं. ती पाण्याकडे पाहत होती. नाइलाजानं त्यांनी पहिली जाळी ओढली. हात कोपरापर्यंत हिरव्या चिकट शेवाळानं माखले. दुसऱ्या जाळीनं तीच गत केली. दोन्ही वेळा त्यांनी रुमालानं हात पुसून काढले. तिसरी मात्र फुलासारखी हलकी वर आली.

“ही बरी शे,” मामा म्हणाले, आणि पुन्हा काढलेला रुमाल तसाच खिशात घातला.

“तिन्ही जाळ्या पाण्यात कधी सोडल्या?” मोहिनीनं विचारलं.

“पावसाळ्यात. तिन्ही एकदमच,” पारुबाई म्हणाल्या.

मोहिनीनं तिसरी जाळी बोटांनी चाचपून पाहिली. थोड्या वेळानं धुकं विरळ झालं, तसं तिनं लखनला समोर दिसू लागलेल्या टेकडीच्या सोंडेकडे होडी घ्यायला सांगितलं. लखननं होडीचं नाक सरळ त्या दिशेला केलं, तशा पारुबाई ओरडल्या, “अरे, तिकडून नको! किती वेळा सांगायचं तुला!”

“ऱ्हाई गयं, मावशी,” लखन ओशाळला. “माझ्या ध्यानातच राहत नाही.”

“तिथे खाली आमचा गावदेव शे,” पारुबाईंनी मोहिनीला सांगितलं. “शेंदराचा दगड. देव उठवून न्यायचा म्हणून गेलो, तोवर पाणी चढलं. तवापासून त्याच्या डोक्यावरून आमच्यातलं कोणी जाळं ओढत नाही, होडी नेत नाही. वळसा घालून जातो.”

“वळसा कुठून?”

“त्या झाडांतून.”

बुडालेल्या सागांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर उभे होते. होडी त्यांच्यातून जपून सरकू लागली. एका शेंड्याच्या फांद्या मोडल्या होत्या आणि मोडलेलं लाकूड आतून पिवळं, ओलं दिसत होतं. “पोरंसोरं आली असतील,” मामा म्हणाले. इथे पोरंसोरं कशी येतील, हा विचार त्यांना नंतर सुचला. डोक्यावरून पाणकावळ्यांचा एक थवा गेला आणि टेकडीच्या सोंडेपलीकडे उतरला. मागे तिन्ही पिंजऱ्यांवर एकही पक्षी नव्हता.

“चला, परत,” मोहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत झोप उतरल्यासारखं काहीतरी होतं. मामांना ते डोळे ओळखीचे होते. पण त्यांचा अर्थ त्यांना दरवेळी प्रकरण संपल्यावर कळायचा.

काठावर संस्थेची पत्र्याची शेड होती. शेडबाहेर जीप उभी होती आणि आत चुनीलालशेठ चहा पीत बसले होते. हे विसरवाडीचे व्यापारी. संस्थेला पिंजरे त्यांनीच पुरवले होते, माशांचे दाणेही तेच द्यायचे.

“वाईट व्हयनं, भाऊ,” ते मामांना म्हणाले. “आते पानी ठेकाले निंघी. कोन्ही तरी घेवालेच पाहिजे. येळ पडनी तं मीच घिसू, पन या गरीबस्नं वाईट वाटस.”

“तुम्ही पिंजऱ्यांवर गयथात का?” मोहिनीनं विचारलं.

“कसाले? पंधरा दिन व्हयनात, मी पान्यात पाय नही ठेवा. आत्तेच जीपमातून उतरना.”

“मग चोर जाळी फाडीसन मासा लई गया व्हई?”

“कोरीकरकरीत जाळी ती, कशी फाटी! मासा आतला मानूसनीच काढेल शे. राखनदार प्रार्थनाले जास, हाई कोन्हले माहीत नही?”

मामांनी पसंतीची मान हलवली. त्यांना माणूस समंजस वाटला.

पलीकडे एका जुन्या होडीत पारुबाईंचे थोरले भाऊ दलपत आपलं जाळं सांधत बसले होते. पिंजऱ्यांच्या योजनेला गावात विरोध करणारे ते एकटेच. पारुबाई म्हणाल्या, “दादा पिंजऱ्यांकडं फिरकतही नाही.”

“नाही फिरकत,” दलपत वर न पाहता म्हणाले. “मासा मोकळा पाहिजे. कोंडलेला मासा आणि कोंडलेला माणूस सारखाच. तुमचं धोरण मुंबई-दिल्लीत होतं. तिथे कोणाला ठाऊक, या पाण्याखाली कोणाची चूल शे?”

“मामा, बसा जरा त्यांच्याजवळ,” मोहिनी म्हणाली. मामा होडीत टेकले. उठले, तेव्हा पॅन्टच्या मागे तपकिरी ओले दाणे चिकटले होते आणि त्यांना माशांचा असा वास येत होता की मामांना ब्रह्मांड आठवलं.

दुपार झाली. मोहिनीनं सगळ्यांना शेडमध्ये बसवलं. मामा दारापाशी पॅन्ट झटकत उभे राहिले.

“मासे चोरीला गेलेच नाहीत,” ती म्हणाली. “पिंजरा गेला.”

कुणाला काही कळलं नाही. मामांना तर नाहीच.

“तिन्ही जाळ्या पावसाळ्यात एकदम पाण्यात सोडल्या. दोघींवर बोटभर शेवाळ. तिसरी मात्र एवढी स्वच्छ की मामांना हात पुसावे लागले नाहीत. म्हणजे ती जाळी तीच नव्हे. काल सकाळी लखन प्रार्थनेला गेल्यावर, धुक्याच्या आडोशानं, कुणीतरी माशांसकट तराफा सोडून नेला आणि त्याच्या जागी नवा रिकामा बांधला. तराफा तरंगता असतो. एकट्या माणसाला तो होडीमागे ओढता येतो; जोर लागत नाही, धीर लागतो.”

“पण नेला कुठे?” पारुबाई पुढे सरकल्या.

“पाणकावळे भरपूर मासा असेल तिथे जातात. आज ते सगळे टेकडीच्या सोंडेमागे उतरत होते. आता पाहा, तिकडे जायला समोरचं मोकळं पाणी होतं. तरी तराफा सागाच्या शेंड्यांतून ओढला. फांद्या मोडल्या, जाळी अडकायची भीती होती, तरीही. कोण घेईल एवढा त्रास? लखन? तो तर आजही देवाच्या डोक्यावरून सरळ निघाला होता. बाहेरच्या माणसाला देव कुठे आहे तेच माहीत नाही. वळसा घालणारा माणूस बुडालेल्या गावाचाच. म्हणजे पारुबाई किंवा...”

ती थांबली. दलपतांच्या हातातलं जाळं खाली पडलं.

“पारुबाई रोज लखनच्या होडीतून दाणे टाकायला जातात. पिंजऱ्यांकडे न फिरकणाऱ्या माणसाच्या होडीत ओले दाणे कसे? तुम्ही त्यांना उपाशी ठेवू शकला नाहीत ना, दादा?”

दलपत पडलेलं जाळं उचलायला वाकले. तसेच वाकून म्हणाले, “कोंडलेला जीव उपाशी कसा ठेवू?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “मला सांगितलं, एक पिंजरा फसला की योजना गुंडाळतील आणि पाणी पहिल्यासारखं मोकळं होईल. साहेब गेले की मी परत आणणार होतो, पारू.”

“पाणी मोकळं नव्हतं होणार,” मोहिनी हळुवारपणे म्हणाली. “ते ठेक्याला निघणार होतं. ते खोटं तुम्हाला कुणी सांगितलं, तेही मी सांगते. त्यानं पंधरा दिवस पाण्यात पाय ठेवला नाही, तरी तिसरी जाळी कोरीकरकरीत आहे हे त्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या लेखी ती पावसाळ्यापासून पाण्यात होती. आणि नवा तराफा या भागात पुरवतो कोण? शेठ, चहा गार व्हयना तुम्हना.”

चुनीलालशेठ उठले. “हाई सगळं बोलानं शे...” ते पुटपुटले. पण दारात लखन उभा होता, आणि आज प्रथमच त्याची मान ताठ होती. शेठ पुन्हा बसले.

दलपत कुणाच्याही नजरेला नजर न देता होडीकडे गेले. पारुबाई त्यांच्यामागे गेल्या आणि होडीत चढल्या. बहीण-भाऊ एकेक वल्हं धरून धुरकट उन्हात दिसेनासे झाले. मामा काठावर उभे राहिले. मासळीचा वास येत असूनही ते तिथून हलले नाहीत.

साहेबांची गाडी आली तेव्हा तराफा सागांतून वळसा घेत परत येत होता. साहेबांना आणि मामांना होडीत घेऊन बहीण-भाऊ पिंजऱ्यापाशी गेले. पारुबाईंनी दाण्यांची मूठ टाकली आणि पाणी उकळल्यासारखं फुटलं. चंदेरी पाठी एकमेकींवर चढू लागल्या. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माशांकडे कौतुकानं पाहिलं.

पारुबाईंनी साहेबांपासून काही लपवलं नाही. भावानं काय केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं, ते उभ्या उभ्या सांगितलं. “शिक्षा काय असेल ती द्या,” त्या म्हणाल्या. “पण मासे पाहा. ते आमच्या लोकांनी वाढवले.”

साहेबांनी स्वतः दाण्यांची एक मूठ टाकून पाहिली. “मासे जिवंत आहेत, वाढलेत. पाणी संस्थेकडे राहावं असं मी लिहितो,” ते म्हणाले. “तुमच्या भावाचं संस्थेनं ठरवावं. शेठचं मी वर कळवतो.” त्यांनी फायलीवर पेन टेकवलं. “नकाशात इथे काहीच नाही. या जागेला काय म्हणतात?”

पारुबाईंनी वळून भावाकडे पाहिलं. होडीच्या दुसऱ्या टोकाला मान गुडघ्यांत घालून बसलेल्या दलपतांनी डोकं वर काढलं.

“सादडीपाडा,” त्यांनी बुडालेल्या गावाचं नाव सांगितलं.

“सादडीपाडा,” पारुबाई म्हणाल्या, आणि भावाच्या शेजारी जाऊन बसल्या. साहेबांनी नाव लिहून घेतलं.