पंप रोच्या भिंतीतली टकटक

ही गोष्ट आम्हाला लेनकाकांनी सांगितली, खाणकामगारांच्या क्लबात, मागच्या खोलीत, अंधार पडून बराच वेळ झाल्यावर. खाण बंद होऊन जमाना झाला, तरी क्लबाचं नाव अजून तेच आहे. आम्ही दोघं पंप रोवर, खाणकामगारांच्या जुन्या घरांच्या रांगेत, नुकतेच राहायला आलो होतो. माझ्या नवऱ्याने, जोशने, सहज विचारलं की रांगेच्या टोकाच्या घराला बाहेरच्या अंगाने चुलाणं कसं काय? वर छप्पर नाही, पुढ्यात गुडघाभर गवत, आणि भिंतीत आग पेटवायची जागा.

लेनकाकांनी ग्लास खाली ठेवला. "तिथे आणखी एक घर होतं. जमीन खचली म्हणून पाडलं. चुलाणं तेवढं भिंतीत राहिलं. आता विचारलंच आहेस तर पुरतं ऐक. मी तिथे नव्हतो, पण क्लाइव्हने स्वतः सांगितलंय. आणि क्लाइव्ह डॉमिनोतसुद्धा कधी लबाडी करायचा नाही."

तर ते असं झालं.

क्लाइव्ह गारबट त्या रात्री पंप रोवर गेला तो फक्त एक सळई आणायला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. धुकं इतकं की दिव्याच्या खांबाखाली उभं राहिलं तरी स्वतःचे बूट दिसू नयेत. दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये प्रदर्शन होतं, 'पंप रोचे ते दिवस'. निवृत्त झाल्यापासून क्लाइव्हला तोच नाद लागला होता. जुने फोटो जमवायचे, कुणाच्या परसात कबुतरं होती, कुणाची बाई दाराची पायरी रोज घासून पांढरी करायची, ते सगळं लिहून काढायचं. त्याचं म्हणणं एकच. तेव्हा माणसं माणसांसारखी राहायची.

आणि त्याला सगळ्यात अभिमान कशाचा, तर टकटकीचा. पंप रोवरची चुलाणी पाठीला पाठ लावून बांधलेली. कुणी आजारी पडलं, कुणाला कळा सुरू झाल्या, तर घरातल्या बाईने कोळसे ढोसायची सळई घ्यायची आणि आगीमागच्या लोखंडी पत्र्यावर ठोकायची. पलीकडून शेजारीण उलट तीनदा ठोकायची. म्हणजे, ऐकलं गं, निघाले. आणि तीनदा ठोकलं की जायचंच. कणकेचे हात तसेच घेऊन जायचं.

क्लाइव्हने मोठी पाटी रंगवली होती. 'पंप रोवर कुणाची हाक कधी वाया गेली नाही.' त्या पाटीखाली टांगायला त्याला आईची, आयव्हीची, सळई हवी होती. आयव्ही जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर भाड्याने दिलेलं, पण चुलाण्याचं सामान तिथेच होतं.

टोकाच्या त्या घरात तेव्हा शॅनन राहायची. पोरगी तुमच्याच वयाची. नवरा रात्रपाळीला, मालाच्या गोदामात. मुलगा फिन दहा महिन्यांचा, थोडी सर्दी झालेली, वर निजलेला.

"पाय पुसून या हां, क्लाइव्हकाका," ती म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय."

"माझ्या आईच्या घरात मलाच पाय पुसायला लावतेस?"

"आईचं असेल. भाडं मी भरते."

तो हसला. ती चहा करायला स्वयंपाकघरात गेली. क्लाइव्ह आगीसमोर आईच्या जागेवर बसला, सळई हातात घेतली. मुठीजवळ ती झिजून गुळगुळीत झाली होती. त्याला बरं वाटलं. तो मला म्हणाला, लेन, मला दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आगीमागे आवाज झाला.

टक. टक… टक.

हळू. दमलेल्या हाताने ठोकावं तसं. थांबून थांबून.

आता यात विचार करायचा कशाला? हात लहानपणापासून शिकलेला. क्लाइव्हने सळई उचलली आणि पत्र्यावर तीनदा ठोकलं. ठक, ठक, ठक.

पलीकडची टकटक थांबली. एकदम.

स्वयंपाकघरात कप फुटला. शॅनन दारात आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"उत्तर दिलंत तुम्ही?"

"मग काय? कुणीतरी ठोकतंय."

"कोण ठोकतंय?" ती म्हणाली. "त्या बाजूला काय आहे, क्लाइव्हकाका? त्या बाजूला गवत आहे."

क्लाइव्हने सळई खाली ठेवली.

"थंडी पडली की रोज येतो तो आवाज," शॅनन म्हणाली. "ब्रेंडाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. शेजारच्या ब्रेंडाने. म्हणाली, टोकाच्या बाजूने काही ऐकू आलं तर टीव्ही लाव. उत्तर द्यायचं नाही. इथे कुणी देत नाही."

लेनकाका इथे थांबले. क्लबाच्या पोऱ्याने बाहेरचे दिवे मालवले होते. जोशने माझ्याकडे पाहिलं, मी वाढलेल्या पोटावरचा हात काढला नाही.

"क्लाइव्हला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खाणीतल्या मोठ्या संपाच्या साली तो फौजेत होता, जर्मनीत. मी वरच्या गावात. पण पंप रोवर तेव्हा असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे."

आता पाडलेल्या त्या घरात, आयव्हीच्या पलीकडे, टेरी आणि मॉरीन राहायचे. संपाचे नऊ महिने टेरीने काढले. मग पोर आजारी पडायला लागलं आणि तो संप मोडून कामावर गेला. जाळी लावलेल्या बसमधून, पोलिसांच्या मधून. त्या दिवसापासून पंप रोने त्यांच्यावर थुंकायचंही सोडलं. म्हणजे बघायचंच नाही. दुकानात मॉरीन आली की बाकीच्या बायका बाहेर. कोळसा कामावर जाणाऱ्यालाच मिळायचा, म्हणून रांगेत बाकी सगळ्यांची चुलाणी गार, आणि फक्त तिच्या धुराड्यातून धूर निघायचा. त्या धुराला लोक शिव्या द्यायचे.

जानेवारीत, बर्फात, टेरी पाळीवर असताना पोराचा श्वास कोंडला. भुंकल्यासारखा खोकला, आणि श्वास आत घेताना शिट्टी. घरात फोन नाही. मॉरीनने हातातलं विणकाम टाकलं, सळई घेतली आणि ठोकलं. भिंतीपलीकडे कोण? आयव्ही. आयव्हीने टीव्ही मोठा केला.

मग मॉरीन पोराला शालीत गुंडाळून बाहेर पडली, एकेक दार ठोकत. एकेका खिडकीतला दिवा विझत गेला. शेवटी ती परत घरात आली. परत ठोकायला लागली. उजाडेपर्यंत ठोकत होती, म्हणतात. पोर त्याच्या आधीच गेलं होतं.

वर्ष पुरं व्हायच्या आत तीही गेली. कशाने, ते कुणी विचारलं नाही.

"क्लाइव्हच्या आईने?" जोश म्हणाला. "पण त्या पाटीवर…"

"ऐक ना आता."

तर शॅनन हे ब्रेंडाकडून ऐकलेलं क्लाइव्हला सांगत होती, अर्धंमुर्धं. आणि तिचं बोलणं संपायच्या आत वरून खोकला आला.

भुंकल्यासारखा.

शॅनन जिन्यावरून धावली, पोराला घेऊन खाली आली. फिनचे ओठ निळसर पडायला लागले होते. श्वास आत ओढताना गळ्याखाली खळगा पडत होता. क्लाइव्हने रुग्णवाहिकेला फोन लावला. निघालीय म्हणाले. धुक्यामुळे रस्त्यावर अपघात झालाय, वळसा घालून येतील. पोराला सरळ धरून ठेवा.

"ब्रेंडाकडे गाडी आहे," शॅनन म्हणाली. "ब्रेंडाला ठोका. दुसऱ्या भिंतीला ठोका."

क्लाइव्हने ठोकलं. जीव खाऊन ठोकलं. कान लावला. पलीकडे टीव्ही चालू होता. मग टीव्हीचा आवाज वाढला.

तो बाहेर धावला. ब्रेंडाच्या दारावर मुठी मारल्या. पत्र टाकायच्या फटीतून तिचा आवाज आला, शांत, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा.

"घरी जा, क्लाइव्ह."

"ब्रेंडा, पोर गुदमरतंय. गाडी काढ."

"कुणाचं पोर?"

"शॅननचं. दार उघड, बाई."

"आम्ही ऐकलं तू काय केलंस ते. तीनदा ठोकलंस. चाळीस वर्षं कुणी ठोकलं नव्हतं. आता तिला आणलंस तर तुझं तू निस्तर. माझ्या दारात आणू नकोस."

"ती नाही गं. शॅननचं पोर आहे."

"तेव्हाही दारात एक आईच उभी होती ना," ब्रेंडा म्हणाली. फट बंद झाली.

तो पुढच्या दाराला गेला. त्याच्या पुढच्या. डेरेककडे, ज्याच्या कबुतरांवर त्याने दोन पानं लिहिली होती. म्हाताऱ्या विनीकडे, जिचा फोटो प्रदर्शनात अगदी मध्ये होता. पडदे हलले. आणि धुक्यात त्याला दिसलं… एक दिवा विझला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. रांग शेवटपर्यंत काळी झाली. कुणी दार उघडलं नाही. एकानेही नाही.

तो परत धावला.

शॅनन बैठकीच्या खोलीत होती. स्वयंपाकघराच्या बंद दारावर हात आपटत होती. तिच्या हातात पोर नव्हतं.

"फिन कुठाय?"

"आत. मी रुग्णवाहिकेचा दिवा दिसतो का बघायला दारापर्यंत गेले. खुर्चीत ठेवलं होतं त्याला. क्षणभर. फक्त क्षणभर… वळले तर दार लागलेलं. उघडत नाही."

त्या दाराला कडी नव्हती. कधीच नव्हती. क्लाइव्ह त्या घरात जन्मला, त्याला माहीत होतं. त्याने खांदा लावला. दार हललं नाही.

आत किटली शिट्टी घालत होती. शॅननकडे शिट्टीची किटली नव्हती. विजेची होती.

दाराखालून वाफ येत होती. वाफेला कोळशाच्या धुराचा वास होता. आणि आत… फिन खोकत होता. प्रत्येक श्वासाला शिट्टी.

मग बाईचा आवाज आला. आरडाओरडा नाही. दमलेला.

"बस, आयव्ही."

क्लाइव्हने दारावरचा खांदा काढला.

"बस. टीव्ही लावायचा नाही. बस आणि ऐक."

तो बसला. फरशीवर. का बसलास, मी विचारलं. म्हणाला, लेन, हाक आईला होती, आणि आईच्या जागेवर मीच होतो.

खोकला. शिट्टी. खोकला.

शॅनन दाराला तोंड लावून रडत होती. "बाई, माझं पोर द्या. मी काय केलंय तुमचं? मी तर इथली नाही."

आत शिट्टी चालूच.

"मला माफ कर," क्लाइव्ह म्हणाला. "आईच्या वतीने. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"ऐक," आवाज म्हणाला.

खोकला बारीक झाला. शिट्टी बारीक झाली. दोन खोकल्यांमधलं अंतर वाढत गेलं. शॅननने रडणं थांबवलं. श्वासही थांबवला.

आणखी एक खोकला.

मग काही नाही.

काहीच नाही…

आगीतला एक कोळसा फुटला. त्या आवाजाने दोघं दचकले. आणि दार आपोआप, अगदी सावकाश, बोटभर उघडलं.

आत कुणी नव्हतं. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. खिडक्या वाफेने पांढऱ्या. फिन टेबलावर, चादरीच्या घडीवर, सरळ टेकवून ठेवलेला. डोळे मिटलेले. शॅननने त्याला उचललं, छातीला कान लावला.

श्वास चालू होता. साधा. निजलेल्या पोराचा.

रुग्णवाहिका त्यानंतर आली. तिच्यातली बाई चांगली होती. बत्ती मारून घसा बघितला, म्हणाली, आता बराय, पण न्यायला हवं. कुणी इतकं व्यवस्थित धरून ठेवलं होतं याला? त्या बाईने छाती तपासायला चादर सोडली, बटणं काढायला लागली, आणि मग थांबली. म्हणाली, किती सुबक विणलंय, हल्ली कोण विणतं असं.

शॅननने खाली बघितलं.

फिनच्या अंगात लोकरीचा पिवळा सदरा होता. हाताने विणलेला. नवा, कधी न धुतलेला. एक बाही मनगटापर्यंत आली नव्हती, आणि विणायची सुई अजून तिथेच लोंबत होती.

"हा त्याचा नाही," शॅनन म्हणाली.

संध्याकाळी तिने त्याला निळं झबलं घालून निजवलं होतं. चंद्राचं चित्र असलेलं. ते त्यांनी टेबलाखाली शोधलं, चुलाण्यात शोधलं, सकाळी बाहेर गवतात शोधलं. शॅननने घर सोडलं तेव्हा सगळं सामान बाहेर काढलं, तेव्हाही बघितलं.

लेनकाकांनी ग्लास उचलला, पण प्याले नाहीत.

"ते झबलं अजून कुठे सापडलेलं नाही," ते म्हणाले. "आता कुणाच्या अंगावर आहे…"