ढोल्याची बॅटरी दुपारीच का संपते?

खडकमाळाच्या पठारावर बेचाळीस पवनचक्क्या आहेत आणि त्या बेचाळीस जणींचं दुखणंखुपणं ऐकायला एकटा ढोल्या आहे. ढोल्या म्हणजे रोबोट. कंपनीने त्याला अक्षरं नि आकडे असलेलं लांबलचक नाव दिलं होतं, पण त्याचं पोट पडलं ढोलासारखं गोल, त्यामुळे पठारावरच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. काम म्हणाल तर सोपं. चार चाकांवर एकेका चक्कीपाशी जायचं, उभं राहायचं आणि वर फिरणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकायचा. आतलं बेअरिंग (ज्याच्या आधाराने दांडा सहज फिरतो ती गोळ्यांची कडी) झिजलं की बारीक कुईकुई सुरू होते. ती ऐकायची आणि कोणत्या चक्कीचं बेअरिंग बदलायचं ते कळवायचं. २०४३ साली यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

नवल होतं ते बॅटरीचं. सकाळी आठला पूर्ण भरलेली ढोल्याची बॅटरी पूर्वी संध्याकाळी सहापर्यंत पुरायची. पावसाळा सरला आणि ती दुपारी दोनलाच संपू लागली. चक्क्या तेवढ्याच, रस्ता तेवढाच, वजन तेवढंच. अहवाल तर अगदी बिनचूक. मग वीज जात होती कुठे? बॅटरी नवी घालून पाहिली, तरी ये रे माझ्या मागल्या. पठाराचे प्रमुख शेडगे साहेब वैतागले आणि म्हणाले, शनिवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर याला कारखान्यात परत पाठवू. परत पाठवणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे त्याचे भाग सुटे करणार.

हे काम आलं शलाका निकमच्या गळ्यात. शलाका बावीस वर्षांची, वर्षभराच्या उमेदवारीवर आलेली, हाताने हुशार. साहेबांना तिचं काम पसंत होतं. त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती. शलाकाच्या फोनमध्ये राजीनाम्याचं पत्र तयार होतं आणि शनिवारीच ती ते पाठवणार होती.

का, तर ती थकली होती. साधंसुधं नव्हे हं, हाडापर्यंत थकली होती. साडेपाचला खोलीवर यायची आणि बूटसुद्धा न काढता खाटेवर पडायची. जेवणाची वासना नाही, कुणाशी बोलायची इच्छा नाही. फोनवर आई म्हणायची, अगं, दगड तर फोडत नाहीस ना, एवढं काय होतं? मग खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा. शलाकाने रक्त तपासून घेतलं. उत्तम होतं. आता मात्र तिला वाटू लागलं की आपणच आळशी आहोत. काम आपल्याला झेपत नाही आणि आपण उगाच निमित्तं शोधतो.

तिला कमी ऐकू येतं, हे पठारावर सगळ्यांना माहीत होतं. अठराव्या वर्षी कान अधू होऊ लागले, विसाव्या वर्षी दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आली. हरभऱ्याएवढी, दिसायचीसुद्धा नाहीत. यंत्रं लागली आणि सगळ्यांच्या लेखी तो विषय मिटला. मशीन लावलंय ना, मग झालं तर! शलाकाही तसंच म्हणायची. सकाळी आठच्या सभेत पत्र्याच्या शेडखाली सगळे गोल उभे राहायचे, डोक्यावर मोठा पंखा घरघरायचा, साहेब फळ्याकडे तोंड करून दिवसाचं काम सांगायचे, मध्येच दोघं-तिघं एकदम बोलायचे. शलाका सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत मान डोलवायची. हो, हो, कळलं. मग हळूच फळ्याचा फोटो काढायचा आणि उरलेलं तर्काने जुळवायचं. वर्षभरात एकही चूक झाली नव्हती. ती होऊ नये म्हणून तिचा जीव किती टांगणीला लागायचा, ते तिचं तिला माहीत.

सोमवारी तिने ढोल्याचा एकेक भाग मोजला. चाकं ठीक, दिवे ठीक. तापत होती ती फक्त प्रक्रियक पेटी (आलेल्या माहितीवर गणितं करणारा भाग, म्हणजे रोबोटचा मेंदू). हात ठेववेना इतकी. ऐकण्याच्या कामात एवढं गणित कशाला लागतं? शलाकाला वाटलं, बिचाऱ्याला आवाज हळू येत असेल. तिने काय केलं असेल? जे ती स्वतःच्या यंत्रांचं रोज करायची तेच केलं. आवाज पूर्ण वाढवला आणि मंगळवारी मोठ्या आशेने त्याला बाहेर सोडलं. दोनला संपणारी बॅटरी त्या दिवशी साडेअकरालाच संपली. तेवीस नंबरच्या चक्कीखाली गडी मान टाकून उभा.

शेडगे साहेब आले आणि नुसतं घड्याळ बघून गेले. रागावले असते त्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

पठाराच्या टोकाला दोन खोल्यांची एक प्रयोगशाळा आहे. तिथे वसुधा हळबे नावाच्या सत्तरीच्या बाई वाऱ्याच्या आवाजावर संशोधन करतात. ध्वनिशास्त्रज्ञ (आवाज कसा तयार होतो, कसा पसरतो, ते अभ्यासणारी व्यक्ती) म्हणून त्यांचं मोठं नाव, पण चहा मात्र पुचाट करतात. बुधवारी शलाका ढोल्याला घेऊन त्यांच्याकडे गेली. बाईंनी आधी तिची सगळी हकिगत ऐकली आणि तिला प्रयोग करायला लावला. ढोल्याला बंद खोलीत ठेव, समोर एकच झिजलेलं बेअरिंग फिरव, पेटी तापते का बघ. तापली नाही. आता खिडकी उघडून वारा आत घे. पाच मिनिटांत पेटी गरम झाली.

म्हणजे गोंगाटाचा संबंध होता. मग बाईंनी ढोल्याचा कान उघडायला सांगितला. आत बत्तीस चिमुकल्या कंपनपट्ट्या (आवाजाने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) एका ओळीत बसवलेल्या होत्या. प्रत्येक पट्टी एकाच जातीच्या आवाजाला थरथरते, जाड आवाजाला लांब पट्टी, बारीक आवाजाला आखूड. भिंगातून पाहिलं तर आखूड बाजूच्या अकरा पट्ट्या गंजून गेल्या होत्या. पावसाळ्यात चार महिने पठार धुक्यात असतं, त्याने घात केला.

शलाका गोंधळली. कुईकुई तर बारीकच असते. त्या पट्ट्या मेल्या, तर ढोल्याचे अहवाल बिनचूक कसे?

अंदाजाने, बाई म्हणाल्या. उरलेल्या एकवीस पट्ट्यांतून जे तुटकं येतं ते ढोल्या पूर्वी ऐकलेल्या हजारो आवाजांशी ताडून पाहतो. हा असेल का, तो असेल का, करत गाळलेल्या जागा भरतो. उत्तर बरोबर येतं, पण त्यासाठी पेटी दिवसभर राबते. वाऱ्याचा गोंगाट असला की अंदाज आणखी अवघड. आणि तू आवाज वाढवलास तेव्हा मेलेल्या पट्ट्या काही जिवंत झाल्या नाहीत, वारा तेवढा मोठा झाला. मोठं ऐकू येणं वेगळं, स्पष्ट ऐकू येणं वेगळं.

एवढं बोलून त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि त्यावर लिहिलं: आ_ दु_री ती_ वा_ता बै_क आ_. वाच म्हणाल्या. तुम्हीही वाचून बघा, बाळांनो. आज दुपारी तीन वाजता बैठक आहे. शलाकाला दोन क्षण लागले. बाईंनी विचारलं, जमलं ना? आता सगळं पुस्तक असं छापलेलं आहे, नऊ तास वाचायचं आहे, आणि पान कुणीतरी दुसराच उलटतोय, तुझ्यासाठी थांबत नाहीये.

शलाका कागदाकडे पाहत राहिली.

बाई पुढे सांगत होत्या. माणसाच्या कानातही आत शंखाच्या आकाराची नळी असते, कर्णशंख म्हणतात तिला. तिच्यात हजारो केसपेशी (टोकाला केसांसारखे तंतू असलेल्या, कंपनं टिपून मज्जातंतूला कळवणाऱ्या पेशी) असतात. बहुतेक वेळा बारीक आवाजाच्या केसपेशी आधी जातात. बोलण्यातले आ, ओ हे स्वर जाड आणि दणकट, ते पोहोचतात. स, फ, थ यांचा आवाज बारीक आणि हलका, तो हरवतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, नको ते आवाजही पुष्कळसे गाळतं. पण मेलेली पेशी काही त्याला उठवता येत नाही. मग मेंदू ओठांकडे बघून, आधीच्या वाक्याकडे बघून, समोरच्याचा स्वभाव ओळखून गाळलेल्या जागा भरत बसतो. याला श्रवणशीण (ऐकण्याच्या श्रमांनी येणारा थकवा) म्हणतात.

"म्हणजे मी आळशी नाही," शलाका म्हणाली.

तिला रडू कोसळलं. हळबेबाईंना समजुती घालता येत नाहीत. त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तू दिवसाला दोन नोकऱ्या करतेस पोरी. एक सगळ्यांना दिसते."

नव्या पट्ट्या यायला महिना लागणार होता. तोवरचं औषध दोघींनी मिळून शोधलं. ढोल्याने लांबून ऐकायचं नाही, चक्कीच्या लोखंडी खांबाला कान टेकवूनच ऐकायचं, म्हणजे वारा मध्ये लुडबुडणार नाही. त्याच्याजवळ दुसरं यंत्र चालू ठेवायचं नाही. आणि दर सहा चक्क्यांनंतर वीस मिनिटं कान बंद करून नुसतं उभं राहायचं. गुरुवारी बॅटरी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकली. सहा नाही वाजले, पण ढोल्या आपल्या चाकांवर परत आला.

शेडगे साहेब खूश झाले. खुशीत त्यांनी शुक्रवारी सगळ्यांना शेडखाली बोलावलं आणि स्वतःच्या हाताने फळ्यावर नियम लिहायला घेतले. ढोल्या ऐकत असताना पंखे आणि पंप बंद. त्याला आज्ञा देताना समोर उभं राहून, एका वेळी एकानेच द्यायची. मध्ये विश्रांती द्यायची, त्याला कुणी कामचुकार म्हणायचं नाही. सगळे हसले, कुणी कुरकुरलं नाही. यंत्राचं दुखणं कळलं की माणसं किती पटकन समजूतदार होतात!

शलाका हे सगळं पाहत होती. वर पंखा घरघरत होता. साहेब फळ्याकडे वळून काहीतरी बोलले, सगळ्यांनी माना डोलवल्या आणि सवयीने तिचीही मान हलली. पत्र पाठवायचं झालं तर उद्या सकाळीच पाठवायला हवं होतं. गप्प राहून निघून जाणं सोपं होतं. तरी ती दोन पावलं पुढे गेली.

"साहेब, तुम्ही आत्ता काय बोललात ते मला कळलं नाही. मी नुसती मान हलवली." सगळे तिच्याकडे बघायला लागले. "हे नियम मलाही लागतात. त्यात माझं नाव घाला."

साहेबांच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांनी विचारलं, कधीपासून? तिला ते ओठांवरून कळलं.

"पहिल्या दिवसापासून."

कुणीतरी पंखा बंद केला. पत्र्याखाली एकदम शांत झालं. साहेब तिच्या समोर येऊन उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"बोलायलाही ताकद लागते, साहेब. ती ऐकण्यातच संपायची."

साहेब खडू घेऊन वळले. ते परत फळ्यापाशी गेले, ढोल्याच्या नावापुढे स्वल्पविराम दिला आणि शलाका निकम असं मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आता तुम्हाला वाटेल, शलाकाचा थकवा पळाला. छे, तसं होत नसतं. ती आजही संध्याकाळी दमते, राजीनाम्याचं पत्र तिने पाठवलं नाही, पण पुसूनही टाकलेलं नाही. कोंबडीच्या, चिमणीच्या कानातल्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. का उगवत नाहीत, यावर जगभर शोध चालू आहे आणि तुमच्यातल्या कुणाला पुढेमागे ते कोडं सुटेलही. हळबेबाईंनी तर त्या पेशींची चित्रं शलाकाला अभ्यासायला दिली आहेत, रविवारी विश्रांती झाल्यावर बघ असं बजावून.

शनिवारची सभा पंख्याविना झाली. एका वेळी एकच जण बोलत असल्यामुळे ती पंधरा मिनिटं जास्त चालली, दोघांना घाम फुटला, एकाने उशीर झाल्याचं पुटपुटूनही घेतलं. पण त्या दिवशी पठारावर कोण काय करणार आहे, हे शलाकाला वर्षात पहिल्यांदाच अंदाज न करता कळलं.