दाराला टांगलेल्या गोळ्या

"सुनेनं मला विष घातलं, असं शेजारी कुजबुजतात," मावशी तपासनिसाला म्हणाली. "ती बिचारी बॅग भरून बसलीय, भाऊ. खरं कोण, ते शोधा."

मावशी काचकारखान्यातल्या भट्टीवाल्याची विधवा. चक्कर येऊन जिन्यावरून पडली, हात प्लास्टरमध्ये. उन्हाळा संपल्यापासून पेन्शनच्या दिवशी दाराला रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी टांगलेली असायची. तिला वाटे, मुलगा ठेवतो. मुलाला वाटे, आई आणते.

तपासनिसानं पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट चष्म्याजवळ धरलं. "ही जास्त जोराची गोळी."

"डॉक्टरांनी गेल्या वर्षी निम्म्या जोराची दिली. पाकीट दिसायला तसंच. बारीक आकडे मला कुठले दिसायला!"

"जुनं पाकीट बाहेर कुणी पाहिलं होतं?"

"डोस बदलण्याआधी पेन्शनरांच्या सभेत आपटलं होतं मी टेबलावर! सरकारनं पेन्शन फंडावर कर लावला आणि विश्वस्तांनी तो आमच्या पेन्शनमधून कापायचं ठरवलं तेव्हा. म्हटलं, आता गोळी एक दिवसाआड घेऊ का?"

बाहेर पडताच तपासनिसाचा सोबती, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, म्हणाला, "सूनच! औषध घरच्यांनाच ठाऊक."

"ब्रेक लाव जरा."

सून डोळे पुसत म्हणाली, "नवी चिठ्ठी डॉक्टरांनी माझ्याच हातात दिली होती."

फंडाचा हिशेबनीस विश्वस्त तुटक बोलला. "मी कपातीच्या विरोधात होतो. कर कंपनीनं भरावा, असं माझं मत. कंपनीचा मॅनेजर आणि कामगारांचा पुढारी, या दोघा विश्वस्तांनी कपातीच्या बाजूनं हात वर केले. मॅनेजर केव्हाच परदेशी गेला. उन्हाळ्यात सरकारनं कर उठवला, पण कपात राहणार. करात गेलेला पैसा फंडात परत थोडाच येतो?"

कामगारांचा विश्वस्त, ज्याला सगळे पुढारी म्हणत, त्यानं चहा ओतला. "मी सभासदांना शब्द दिला होता, कर उठला की पेन्शन पूर्ववत. मला तसंच वाटलं होतं हो."

"मावशी चक्कर येऊन पडली," तपासनीस म्हणाला.

चहा बशीत सांडला. "गोळ्या रोज घेऊनही?"

ड्रायव्हरला पुढारी कनवाळू वाटला. तपासनिसानं कप बाजूला सारला.

"रोज घेते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही ऐकलं होतं ते एक दिवसाआडचं. सुनेला नवी गोळी माहीत होती; जुनी आणेल तो, ज्यानं फक्त सभेतलं पाकीट पाहिलं. तिथं हिशेबनीसही होता, पण त्याच्या मनाला टोचणी नाही. पिशव्या सुरू झाल्या कर उठल्यावर, म्हणजे तुमचा शब्द खोटा ठरल्यावर."

पुढारी खाली बसला. "कपात कायमची का, हे मी विचारलंच नाही. मॅनेजर म्हणाला, कंपनी कर भरणार नाही, मी हात वर केला. भट्टीवाला माझा जोडीदार होता. त्याच्या बायकोनं औषधात काटकसर करावी, हे बघवेना. डोस बदलला असेल, हे डोक्यातच आलं नाही. मी तिला मारलंच असतं की!"

"आता?"

"आधी सुनेकडे. मग सगळ्या पेन्शनरांकडे. पैसे परत येणार नाहीत, हे माझ्या तोंडून कळू दे."

ड्रायव्हर पुढाऱ्याच्या मागोमाग निघाला. सुनेवर त्यानंही बोट ठेवलं होतं.

मावशीच्या दाराशी पुढाऱ्याचा हात सवयीनं कडीकडे गेला, जिथं तो पिशवी अडकवायचा. हात रिकामा होता. त्यानं बेल वाजवली, आणि सुनेची पावलं जवळ येईपर्यंत तिथंच उभा राहिला.