पठारावरची टकटक

"अरे, हळू धर की! आजोबांचा रेडिओ हाय त्यो, फुटबॉल न्हाय!" अनेकांत ओरडला.

"असला डबा आमच्या शिवाजी पेठेत भंगारवाला पण घ्यायचा न्हाय!" ऋतुराजने रेडिओ कानाला लावला. "नुसती खरखर हाय की रे!"

"खरखरीच्या आत ऐक."

ऋतुराजने डोळे मिटले. खरखर, खरखर... आणि तिच्या पोटातून एकसारखी टक्... टक्... टक्...

"हाय! टकटक हाय की!"

वर्षाराणी मात्र हसली नाही. मामाचा ऋतुराज दिवाळीच्या सुट्टीला आला की ती एरवी दिवसभर खिदळत असायची. आज ती बांधावर उभी राहून वावराकडे बघत होती. कापणीला आलेलं भात गव्यांच्या कळपाने पार चिखलात घातलं होतं. वरचा तुकडा गेला होता. खालचा तेवढा उरला होता.

मलकापूरच्या वर, पठारावर रेडिओ दुर्बीण केंद्र होतं. तिथे ना भिंग होतं, ना तबकडी. कापड उडालेल्या छत्र्यांसारखे तारांचे सांगाडे ओळीने उभे होते आणि आकाशातून येणाऱ्या लांबच लांब रेडिओलहरी झेलत होते. यंदा केंद्र वाढवायचं ठरलं. अँटेनांच्या नव्या ओळी थेट वर्षाच्या शेताला येऊन भिडल्या. काम बघायला पुण्याहून राजवर्धन सर आले. वर्षाच्या वडिलांनी, जोतीरामआबांनी, त्यांना पहिल्याच दिवशी 'पावणं' करून टाकलं. "पावणं, ताक घ्या की!" "पावणं, उन्हात किती फिरताय, टेका जरा!" सरांनाही ते आवडायचं.

मग नव्या अँटेनांमध्ये टकटक ऐकू यायला लागली. ती आबांच्या झटका मशीनची होती, हे खरंच. गव्यांना हुसकायला शेताभोवती तार आणि त्या तारेत राहून राहून विजेचा छोटा झटका. गव्याला नुसता चटका, पण अँटेनांच्या कानात हातोडा! सरांनी अडचण सांगितली, तशी आबांनी मशीन काढून त्यांच्या हातात दिलं. "तुमचं काम मोठं हाय, पावणं. चाचणी झाली की द्या माघारी."

सरांनी ते ठेवायला शेजारीच उभ्या असलेल्या ठेकेदार उदयसिंहकडे दिलं. "तोवर माझा राखणदार बसवतो शेतावर. घोर सोडा!"

राखणदार आलाच नाही. गवे आले. आणि टकटक थांबायची सोडून वाढली!

आज सकाळी केंद्राच्या फाटकाशी सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जोतीराम, दुसरं मशीन लपवलंयत तुम्ही."

"न्हाय ओ पावणं. दुसरं असतं तर माझं भात गेलं असतं का?"

"उद्या तक्रार करणार आहे मी," असं म्हणून सर वळून चालायलाच लागले. त्यांच्या यंत्रांना आवाजाची दिशा सहज कळली असती. पण चोर आधीच ठरला होता, मग शोधायचं कशाला? आबा तिथेच उभे राहिले. सरांसाठी आणलेली ताकाची किटली हातात तशीच. वर्षाने ती काढून घेतली, तेव्हा कुठे ते भानावर आले. "चल, म्हशीला पाणी दावायचं हाय," एवढंच म्हणाले.

"तक्रार व्हायच्या आत शोधायचं," वर्षा आता वळून म्हणाली. "सांग अनेकांत, कसं ते."

अनेकांतचे वडील मूळचे जयसिंगपूरचे, मलकापुरात त्यांचं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. ही युक्ती तो तिथेच शिकला होता. "रेडिओ आडवा धरून गोल फिरायचं. त्याचं टोक आवाजाच्या रेघेत आलं की टकटक एकदम बारीक होऊन बसते. त्या रेघेवर चोर!"

"पण रेघेच्या ह्या टोकाला का त्या टोकाला?" ऋतुराजने विचारलं.

"म्हणून तर दोन जागांवरनं बघायचं, येड्या! दोन रेघा एकमेकींना कापतील तिथं!"

बांधावर उभं राहून अनेकांत हळूहळू फिरला. टकटक बसली. गव्यांनी तुडवलेल्या भाताची एक पेंढी उचलून वर्षाने त्या दिशेने काड्या मांडल्या. मग तिघं आंब्याखाली धावले. तिथून दुसरी रेघ. दोन्ही रेघा ना कुणाच्या घरावर कापत होत्या, ना शेतात. समोर पत्र्याची शेड होती. नव्या अँटेनांची तांब्याची केबल ठेवायची उदयसिंहची जागा!

"आईशप्पथ!" ऋतुराज पुटपुटला. "थांबा, माझं काम आलं."

शेडपाशी जाऊन त्याने अशी किक मारली, की बॉल तारेच्या कुंपणावरून थेट उदयसिंहच्या मुकादमाच्या खाटेखाली!

"काका, बॉल घेतो हं!"

"एऽऽ! तारंला हात लावू नका!" मुकादम केवढ्याने तरी किंचाळला आणि बॉल त्याने स्वतःच बाहेर फेकला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. साध्या तारेला एवढं भ्यायचं कशाला?

वर्षा तडक सरांच्या खोलीत गेली. "सर, एकदा चला माझ्यासंगं. मी खोटी ठरले तर तक्रारीत माझं पण नाव घाला."

सर वैतागले, पण आले. तोवर उदयसिंहही तोंडात तंबाखूचा मावा घोळवत शेडवर हजर झाला होता. रेडिओतली टकटक त्यानेही ऐकली.

"मशीन? कुठलं मशीन? साधी तार हाय ही! पोरांचा खेळ सगळा, सर."

"मग लावा की हात, काका!" ऋतुराज म्हणाला.

उदयसिंहने दोन्ही हात खिशात घातले.

"नुसतं एक बोट!" अनेकांत म्हणाला.

अनेकांतने रेडिओ तारेजवळ धरला. टक्... टक्... टक्...

सरांनी मुकादमाकडे बघितलं. त्याने मुकाट्याने बटण बंद करून कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली झटका मशीन! त्यावर ऋतुराजने गेल्या मे महिन्यात चिकटवलेला त्याच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा स्टिकर आणि त्याच्या बाजूला वर्षाच्या आईने खंडेनवमीला लावलेलं हळद-कुंकू.

"तांब्याची केबल, सर..." उदयसिंह चाचरला. "राखणदार कुठं ठेवत बसायचा? म्हटलं, आयतं मशीन हाय..."

सरांचा चेहरा उतरला. "शाब्बास रे पोरांनो," ते एवढंच म्हणाले.

मशीन संध्याकाळी शेतावर आलं. पण गव्यांनी तार तोडली होती, खांब मोडले होते. आबा आणि मुलं दिवे लागेपर्यंत खांब पुरत राहिली. कुंपण अर्धंच झालं. रात्री उरलेल्या अर्ध्यातून कळप आत शिरला आणि खालचा तुकडाही गेला.

सकाळी केंद्रावर मोठा समारंभ झाला. उदयसिंहचं काम काढून घेतलं होतं. नव्या अँटेनांतून आकाशाचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ आला, लांबच्या पावसासारखा. तिघांच्या कानांना हेडफोन लावून तो ऐकवला गेला. सरपंचांनी नारळ दिले, शाळेच्या बाईंनी पाठ थोपटली. "गावाचं नाव काढलंत!" टाळ्याच टाळ्या! वर्षा गर्दीत आबांना शोधत राहिली. ते आलेच नव्हते.

दुपारी सर पेढे घेऊन शेतावर आले. बरोबर मुलंही होती. आबा आडव्या झालेल्या भातातून तुटकी तार गोळा करत होते.

"चुकलं माझं, जोतीराम," सर म्हणाले. "तुमचं ऐकायला हवं होतं. पंचनाम्यासाठी मी स्वतः जातो तहसीलला. आणि मशीनला आवाज न करणारी जोडणी आमचीच माणसं करून देतील."

"बरं," आबा म्हणाले. हात धोतराला पुसून त्यांनी किटलीतलं ताक पेल्यात ओतलं आणि नेहमीसारखं दोन्ही हातांनी पुढे केलं.

"ताक घ्या, साहेब."

पेला सरांच्या ओठांशी जाऊन थांबला. वर्षानेही ऐकलं होतं. तिच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"जोतीराम..." सर म्हणाले.

"प्या की. ऊन हाय," आबा म्हणाले आणि पुन्हा खाली वाकून तार गुंडाळायला लागले.