मेढ्याहून आलेली बॅग

सयाजीचा फोन आला तेव्हा लालासाहेब उसाला पाणी पाजत होते. मेहुण्याचा फोन एवढ्या सकाळी कधी येत नसे.

"दाजी, आक्का गेली," सयाजी म्हणाला.

लीलाबाई भावाकडं मेढ्याला गेल्या होत्या आणि त्याच दिवशी आष्ट्याला परतायच्या होत्या. बॅग भरून झाली होती. झाकण बसेना म्हणून त्या नेहमीसारख्या वर बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "वढ चेन." सयाजीनं ओढायला घेतली आणि वर बघितलं. बसल्या जागी त्यांची मान कलली होती.

ही रीत लालासाहेबांच्या फौजेतल्या नोकरीपासूनची. सुट्टी संपली की बॅग लीलाबाई भरायच्या. तळाला बूट, तळव्याला तळवा लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यावर पँटी, शर्ट, टॉवेल. सगळ्यात वर शेंगदाण्याची चटणी, दोन पिशव्यांत, दोऱ्यानं आवळलेली. मग त्या झाकणावर बसायच्या आणि चेन लालासाहेब ओढायचे. चेन ओढली की निघायचं. पुन्हा बॅग उघडायची नाही, माघारी वळायचं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. घरात तीन मोडक्या बॅगा उरल्या. फौजेतली कुलूप तुटलेली, दुसरी चाक गेलेली, आणि मेढ्याहून आलेली ही तांबडी, मूठ खिळखिळी झालेली. शेजारच्या राहीबाई दारातूनच म्हणाल्या, "सुभेदार, मेलेल्या माणसाची बॅग घरात ठिऊ ने. अंथरुणासंगं नदीला सोडायची हुती."

"नदी काय उकिरडा हाय व्हय? म्हापुरात लोकांच्या बॅगा माझ्या उसात अडकल्या हुत्या. म्याच येचल्यात त्या."

"फौजेतली माणसं कवा कुणाचं ऐकत्यात," म्हणत त्या गेल्या.

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या सुनेनं, शिवांजलीनं, फोनवर नीट सांगितलं. "आबा, अख्ख्या बॅगा घंटागाडीत टाकू नका. लोखंड, प्लास्टिक, कापड वेगळं करा. चेन चांगली असेल तर बॅगा शिवणाऱ्याला द्या." लालासाहेबांना ते पटलं. पहिल्या दोन बॅगा त्यांनी एका दुपारी सोप्यात बसून सुट्या केल्या. लोखंड भंगारवाल्याकडं, प्लास्टिक घंटागाडीत. अस्तराची त्यांनी पोतेऱ्याची फडकी केली.

तांबडी बॅग त्यांनी कॉटवर ठेवली. आतलं लीलाबाईंचं सामान आधीच काढलेलं होतं. पेचकस आणायला ते परसात गेले आणि परत आले, तर बॅगेच्या तळाला त्यांचे बूट होते. तळव्याला तळवा लावून, वर्तमानपत्रात.

आपणच ठेवले असतील, असं त्यांनी ठरवलं. दुःखात माणूस काय करतो त्याला कळत नाही. बूट काढून कोनाड्यात ठेवले आणि बॅगेची चाकं सोडवली.

दुसऱ्या दिवशी शेतातून आले तर बूट परत आत. वर दोन पँटी, शिवणीला शिवण जुळवून घातलेल्या घडीच्या. त्यांनी सगळं काढून कपाटात ठेवलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. बॅगेची मूठ उचकटून भंगारात दिली. संध्याकाळी शर्ट आणि टॉवेलही आत होते. कपाटाचं कुलूप तसंच होतं. किल्ली खिशात होती.

रविवारी शिवांजली आली. सोप्यात पाऊल टाकताच थांबली.

"आबा, कुठं निघालाय?"

"कुटंच न्हाई."

"मग बॅग कशी काय भरलीत?" ती वाकली आणि तिथंच थबकली. "चटणी कुणी केली, आबा?"

लालासाहेब जवळ गेले. दोन पिशव्यांत, दोऱ्यानं आवळलेली. लसणाचा ताजा वास येत होता. बूट, पँटी, शर्ट त्यांनी स्वतः भरले असतील, असं अजून म्हणता आलं असतं. चटणी त्यांना येत नव्हती. उखळ तर लीलाबाई गेल्यापासून पालथं पडलं होतं.

शिवांजलीनं हात मागं घेतला. "आबा, तुम्ही आमच्याकडं चला. आत्ताच. बॅग भरलेलीच आहे."

"या बॅगंसंगं म्या कुटंच जाणार न्हाई," लालासाहेब म्हणाले. "उसाची नवी लागण झालीया. तिला पाणी कोण पाजणार?"

"मग मी नेते ही बॅग. सांगलीत देते कुणाला तरी."

"तू हात लावू नगंस. माझ्या नावानं भरलीया. म्याच तिला सुटी करणार."

ती गेल्यावर त्यांनी बूट काढून पायात घातले. घडीचा शर्ट घातला. चटणी भाकरीबरोबर खाल्ली, पिशवी पुसून निघेपर्यंत. मीठ अगदी लीलाच्या हातचं होतं. त्यांना रडू आलं. ते त्यांनी येऊ दिलं. मग तोंड धुतलं आणि बॅगेच्या तळाच्या लोखंडी पट्ट्या उपसल्या.

पट्ट्या घेऊन ते त्याच बुटांवर बाजारात गेले. भंगारवाल्याकडं टाकून उन्हातच परतले, उंबऱ्यात बूट काढले, हातपाय धुवायला परसात गेले. शर्ट काढून तारेवर टाकला. तोंड पुसत आत आले.

उंबऱ्यात बूट नव्हते.

कॉटवर बॅग भरलेली होती. झाकण मिटलेलं होतं.

झाकण मधोमध दबलं होतं. खालची गादीही तेवढीच.

लालासाहेब दारातच उभे राहिले.

"लीले," ते म्हणाले, "म्या येत न्हाई."

दबलेलं झाकण वर आलं नाही.

त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. दोन्ही हात काखेत घट्ट धरले.

"बस तू. म्याबी बसतो."

चाकं गेली, मूठ गेली, पट्ट्या गेल्या. चेन तेवढी ओढायची राहिली आहे.