ताडबागेतला साउंड चेक

"मॅडम, ॲल्रॉय गेला. लवकर या," फर्डिनंड डाबरे फोनवर एवढंच बोलला.

सबइन्स्पेक्टर विनिता वर्तकने जीप काढायला सांगितली. गायक ॲल्रॉयने सकाळीच तिला फोन केला होता. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणाला होता. तिने त्याला उद्या चौकीत बोलावलं होतं.

गोखिवऱ्याचं 'ताडबाग' रेस्टॉरंट रविवारच्या गाण्यासाठी सजलं होतं. टेबलं मांडलेली, गिऱ्हाईक एकही नाही. स्टेजवर ॲल्रॉय पडला होता. गिटारचा पट्टा खांद्यावर, ओठ काळे पडलेले.

"काय झालं?" तिने मालकाला विचारलं.

"दुपारी दोनला लाइट गेली," फर्डिनंड म्हणाला. "मी होळी बाजारात भाजी आणायला गेलो. साडेचारला आलो, तेवढ्यात हा नि सेलिन पोचले. पावणेपाचला लाइट आली. यानं स्टेजवर ठेवलेली गिटार घेतली, माईकला तोंड लावलं आणि कोसळला."

"जनरेटर?"

"महिनाभर बंद आहे."

"तुम्ही नसताना इथे कोण होतं?"

"जितेश. साउंडवाला. स्वयंपाकी पाचला येतात."

ॲल्रॉयची बायको सेलिन पायरीवर बसली होती. रडत नव्हती.

"चार महिने धड निजला नाय तो," ती म्हणाली. "विरारचा कार्यक्रम करून आला तेव्हापासून. टेम्पोत तो नि जितेश दोघंच होते. विचारलं की गप्प. काल जितेशला फोनवर म्हणाला, आता सांगून मोकळा होतो."

विनिताने त्या कार्यक्रमाची तारीख विचारली. ती ऐकून तिचं पेन थांबलं.

जितेश केबल गुंडाळत होता. हात सराईतपणे फिरत होते.

"अपघात आहे, मॅडम. इथलं वायरिंग जुनं."

"तू तपासलं नव्हतंस?"

"तपासलं ना. चार वाजता गिटार लावली, माईकवर बोललो. सगळं ओके होतं."

तिने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

वायरमन रामनाथने गिटारच्या ॲम्प्लिफायरचा प्लग उघडला आणि तो गंभीर झाला. "अर्थिंगची वायर करंटच्या पिनेला जोडलीय. गिटारच्या तारांतच करंट; माईकला ओठ लागले की तो अंगातून जाणार. हे चुकून होत नाही."

विनिताने जितेशला समोर बसवलं. फर्डिनंड मागे उभा राहिला.

"दोन ते पावणेपाच लाइट नव्हती," ती म्हणाली. "जनरेटर बंद. मग चारला माईकवर आवाज आला कसा? तू काहीच तपासलं नाहीस. अडीच तास इथे तू एकटा होतास. लाइट नव्हती, प्लगमधला बदल कुणाला कळणार नव्हता. आणि लाइट आल्यावर गिटारला तू हात लावला नाहीस. लावला असतास तर आज तू गेला असतास."

"मी कशाला मारू त्याला?"

"चार महिन्यांपूर्वी, त्याच कार्यक्रमाच्या दिवशी, विरार फाट्याजवळ एका माणसाला गाडीने उडवलं. तो मेला, ती गाडी सापडली नाही. तपास माझ्याकडे आहे. ॲल्रॉय मला तेच सांगणार होता. टेम्पो कोण चालवत होतं?"

जितेशच्या हातातली केबल खाली घसरली.

"मी," तो म्हणाला. "ॲल्रॉय थांब थांब म्हणत होता. मी नाही थांबलो."

"का? तो माणूस जागीच गेला म्हणून?"

जितेशने मान हलवली. नाही.

"आरशात दिसत होता, मॅडम. उठून बसला होता. आम्हाला हात करत होता."